उजवीकडची वीतभर जागा

कलम २.१ : प्रत्येक कुत्र्याची फाईल शाळेत असावी आणि मागितल्यावर लगेच दाखवता यावी.

तेवीस फायली असायला हव्या होत्या. बावीस होत्या.

कपाट लोखंडी, हिरवं, कुलूपबंद. आत फायली तारखेच्या क्रमानं अंगाला अंग लावून उभ्या. फक्त विसाव्या जागी बोटभर फट. तपासनीस बाईंनी त्या फटीत खरंच बोट घालून पाहिलं. चोरानं बाकीच्या फायली जरा सरकवल्या असत्या तर मोजेपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. म्हणजे चोराला चोरीची सवय नव्हती.

"मिळेल हो मॅडम," संचालक म्हणाले. "पाय फुटलेत का फायलीला? असेल इथेच कुठेतरी."

"बावीस जागेवर आहेत आणि खडूचीच तेवढी फिरायला गेली?"

संचालकांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

खडू म्हणजे पांढरट रंगाचा लॅब्राडोर. याच शाळेत शिकून आंधळ्या माणसाला रस्ता दाखवण्याच्या कामाला लागलेला. अकरा दिवसांपूर्वी सकाळी तो आपल्या मालकाला, कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या प्राध्यापकांना, घेऊन निघाला. फुटपाथच्या कडेला पाइपासाठी पुरुषभर खोल खड्डा खणलेला होता. प्राध्यापक त्यात पडले, डोकं पाइपावर आपटलं आणि जागीच गेले. लोक धावले तेव्हा खडू काठावर शांत उभा होता.

बाई आल्या होत्या आंतरराष्ट्रीय महासंघाकडून. मार्गदर्शक कुत्री तयार करणाऱ्या शाळा महासंघ दर पाच वर्षांनी तपासतो. एकशे बारा कलमं, प्रत्येकापुढे तीन चौकटी: आहे, नाही, लागू नाही. बाईंना त्यांच्या मागे सगळे 'मोजपट्टी' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं.

त्यांनी मधल्या चौकटीत फुली मारली. नाही.

कलम ११.३ : अपघात झाल्यास शाळेनं कारण शोधून लेखी नोंदवावं.

हे मात्र होतं. अर्धं पान, छान टाइप केलेलं. शेवटची ओळ: *कारण : वापरकर्त्याची चूक.*

"कशावरून?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, कुत्रा काठावर उभा होता. चारही पाय पक्क्या जमिनीवर. तो चुकला असता तर तोही खाली गेला असता ना! प्राध्यापक घाईत असतील, उजवीकडे झुकले असतील. दुर्दैव. पण कुत्र्यानं आपलं काम केलं." संचालक पूर्वी एका मोठ्या हॉटेलचे व्यवस्थापक होते. वाईट बातमी मऊ आवाजात सांगायची कला त्यांच्या अंगात मुरलेली होती.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "तुम्ही कधी हार्नेस धरून चालला आहात?"

"मी? नाही. मी प्रशासन बघतो."

"मग ऐका. कुत्रा माणसाच्या डावीकडे असतो. त्याच्या पाठीवरचा दांडा माणसाच्या डाव्या हातात. उजवीकडे काही नसतं, नुसता माणूस. कुत्र्याला स्वतःपुरती जागा बघणं जन्मापासून येतं, ते कुठल्याही गल्लीतल्या कुत्र्याला येतं. शाळेत शिकवायचं असतं ते एवढंच की तू एकटा नाहीस, तुझ्या उजवीकडे अजून एक रुंदी आहे. खड्डा उजवीकडे होता. कुत्रा सुखरूप उभा होता यावरून काय ठरतं?"

संचालकांनी त्या अर्ध्या पानावरून पुन्हा नजर फिरवली.

"काही ठरत नाही," बाई म्हणाल्या. "कपाटाची किल्ली कुणाकुणाकडे असते?"

"माझ्याकडे. कुत्र्यांच्या खोल्या बघणाऱ्या पोरीकडे, म्हणजे आमच्या मुख्य प्रशिक्षकांच्या, उस्तादांच्या भाचीकडे. आणि घुम्याकडे. खडूला शिकवलं ते घुम्यानंच."

"उस्तादांकडे?"

"उस्तादांना किल्ली कशाला? ते कपाट कधी उघडतच नाहीत."

कलम ८.६ : कुत्रा दिल्यानंतरही शाळेनं वापरकर्त्याशी संपर्क ठेवावा.

प्राध्यापकांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. तीही आंधळी. इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर काम करणारी. तिच्या डाव्या पायाशी काळी कुत्री उभी होती.

"ही पाटी," ती म्हणाली. "खडूची सख्खी बहीण. दोघांना एकाच आठवड्यात पास केलं, आम्हाला एकाच दिवशी दिलं. आमचे हे म्हणायचे, घरात शाळाच भरली." ती हसायला गेली, पण ते जमलं नाही. "बसा. खुर्ची तुमच्या मागे आहे."

"शाळेतून कुणी आलं होतं?"

"साहेब आले होते. फुलं घेऊन. म्हणाले, प्रोफेसर घाईत असतील. घाईत!" तिनं पाटीच्या डोक्यावर हात ठेवला. "बाई, बावीस वर्षं संसार केला मी. त्या माणसाला आंघोळीला जा म्हटलं तर अर्धा तास लागायचा. घरातून निघताना तीनदा किल्ली चाचपायचा. तो घाईत असेल तर मी महाराणी."

बाईंनी वही उघडली.

"मला दोनच गोष्टी हव्यात. चूक त्यांची नव्हती असं कुणीतरी कागदावर लिहावं. आणि दुसरी," तिचा आवाज खाली आला, "ही पण त्याच हातची आहे. मी रोज हिला धरून कामावर जाते. जावं का मी, तेवढं सांगा. होय की नाही. तुमचं ते मानकबिनक मला कळत नाही."

"दोन दिवस द्या."

"उद्या रविवार आहे, परवा माझी सुट्टी. मंगळवारी दोनची ड्युटी. तोवर सांगा." मग ती उठली, कपाटापाशी गेली आणि दोन छोट्या डब्या घेऊन आली. "चाचणीचं रेकॉर्डिंग. आम्हाला कागद वाचता येत नाही म्हणून शाळा आवाज देते. एक त्यांचं, एक माझं. फाईल गायब आहे म्हणतात ना? ही नाही झाली गायब."

"फाईल गायब आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"टेलिफोनवर बसते मी," ती म्हणाली. "सकाळी शाळेला फोन केला होता. लोक फोन ठेवायच्या आधीच आपसात बोलायला लागतात."

कलम ७.२ : कुत्रा देण्यापूर्वी डोळ्यांवर पट्टी बांधून चाचणी घ्यावी. मागून निरीक्षकानं चालावं व दिसेल ते नोंदवावं.

खडूची चाचणी, सहावं मिनिट. (पट्टी : घुम्या. निरीक्षक : उस्ताद.)

*उस्ताद : सरळ. चाल छान आहे. समोर हातगाडी. थांबला. वळसा घेतोय. शाब्बास.*

*(बसचा हॉर्न. पावलं.)*

*घुम्या : उजव्या हाताला लागलं काहीतरी.*

*(तीन सेकंद.)*

*उस्ताद : काही नाही. चल पुढे.*

पाटीची चाचणी, नववं मिनिट.

*घुम्या : पाय कशाच्या तरी कडेवर पडला.*

*(दोन सेकंद.)*

*उस्ताद : काही नाही. चल.*

बाईंनी ते दोन तुकडे सात-सात वेळा ऐकले. आधी वाटलं, चाचणी शाळेच्या आवारातच उरकली असेल, पत्र्याचे अडथळे मांडून. पण बस खरी होती, रस्ता खरा होता, आणि कुणीतरी मधेच शिंकलंही होतं. बनाव नव्हता.

मग उस्ताद खोटं का बोलले?

सव्वीस वर्षांपूर्वी बाई याच माणसाच्या हाताखाली शिकल्या होत्या. रस्त्यावरची काडी चुकायची नाही अशी त्या माणसाची नजर. एकदा तीनशे पावलांच्या चाचणीनंतर त्यानं बाईंना विचारलं होतं, वाटेत किती गटारांची झाकणं होती? बाई म्हणाल्या, चार. तो म्हणाला, पाच, आणि पाचव्याचा एक कोपरा तुटलेला. असा माणूस 'काही नाही' म्हणतो तेव्हा एक तर खरंच काही नसतं, किंवा त्याला कुणीतरी विकत घेतलेलं असतं.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांना ती आवडली नाही.

कलम ५.९ : प्रशिक्षकानं आपल्या शंका न भिता मांडाव्यात.

घुम्या कुत्र्यांचे वाडगे घासत होता. पंचेचाळिशीचा, आडव्या बांध्याचा. पूर्ण वाक्य त्याच्या तोंडून निघालं की कुत्रीसुद्धा कान टवकारत.

"हात कशाला लागला होता?"

"खांबाला."

"पट्टी होती ना डोळ्यांवर?"

"थंड होता. गोल होता. खांबच."

"मग उस्ताद 'काही नाही' म्हणाल्यावर तू गप्प का बसलास?"

त्यानं वाडगा पालथा घातला. "माझ्या डोळ्यांवर पट्टी. त्यांच्या नाही. कुणाचं खरं धरायचं?"

"तुझ्या हाताचं!"

"मॅडम," घुम्या म्हणाला, आणि त्या दिवसातलं सगळ्यात लांब बोलणं त्यानं केलं, "इथे उस्तादांचे डोळे म्हणजे शेवटचा शब्द. मला वाटलं, मीच हात बाहेर काढला असेल. घरी जाऊन बघितलं, मनगटावर निळं पडलेलं. तरी मला वाटलं, आधीचं असेल."

"फाईल तू नेलीस?"

"नाही."

"खडू तुझा विद्यार्थी. त्याचं खापर तुझ्यावर फुटणार."

"फुटू दे. माझं शिकवणं कच्चं राहिलं असेल. कच्चं राहतं कधीकधी. म्हणून तर मागे माणूस चालतो." त्यानं पुढचा वाडगा उचलला. "कच्चं आहे हे मला कुणी सांगितलंच नाही."

कलम २.४ : नोंदी वाचता येतील अशा असाव्यात.

सोमवारी सकाळी बाईंनी बावीस फायलींतून निरीक्षकाचे कागद काढले आणि सभागृहाच्या फरशीवर तारखेप्रमाणे मांडले. सगळे उस्तादांच्या अक्षरातले. मधे विसाव्या जागी एक कोरा कागद ठेवला. मग बूट काढून त्या कागदांच्या ओळीबरोबर चालत गेल्या. पाच वर्षं, बावीस पावलांत.

कुत्रा १ ते ९. *उजवीकडे सायकल, वीतभर जागा सोडली. पायाशी पाण्याचं डबकं, माणसाला कोरडं काढलं. डावीकडच्या गच्चीवरून मांजर, कुत्र्यानं पाहिलं, दुर्लक्ष केलं.* हे उस्ताद. गच्चीवरचं मांजर!

कुत्रा १०. मांजरं गेली. ११, १२. डबकी गेली. पायाशी काही घडेनासं झालं. १३. सायकल आहे, पण 'उजवीकडे' नाही, 'समोर'. १४. *समोर बाई. समोर गाडी. समोर खांब.* १५. *समोर, समोर, समोर.* जणू त्या वर्षी या शहरातल्या रस्त्यांना कडाच राहिल्या नव्हत्या.

कुत्रा १६. आणि एकदम डबकं परत! उजवीकडचा खांब, पायाशी तुटकी फरशी, डावीकडच्या दारात बसलेली म्हातारी. १७, १८, १९. भरगच्च.

२०. कोरा कागद. खडू.

२१. पाटी. *समोर हातगाडी. समोर कठडा. चाल छान.* बस्स.

२२, २३. परत डबकी, परत सायकली.

बाई मधेच थांबल्या. एकवीस आणि बावीसच्या मधे, अनवाणी, तशाच उभ्या राहिल्या. लाच घेणारा माणूस नको ते लिहीत नाही. पण डबक्यासाठी कुणी लाच देत नाही, आणि गच्चीवरचं मांजर लपवून कुणाचा फायदा होत नाही.

कर्मचाऱ्यांची हजेरी त्यांनी मागवून घेतली. भाची नोकरीला लागली ती सोळाव्या कुत्र्याच्या महिनाभर आधी. तिनं रजा घेतली ती एकदाच, तीन आठवडे, कारण 'आईचं ऑपरेशन'. त्या तीन आठवड्यांत दोन चाचण्या झाल्या.

दोनच.

कलम — :

निरीक्षकाच्या दृष्टीची तपासणी.

बाईंनी एकशे बाराच्या एकशे बारा कलमं पालथी घातली. कुत्र्याचे डोळे दोनदा तपासायचे, सहाव्या महिन्यात आणि अठराव्या. नितंबाच्या हाडांचा एक्स-रे. दात. निरीक्षकाचं शिक्षण, अनुभव, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र.

असं कलम नाही.

कलम ३.१ : मुख्य प्रशिक्षक हा शाळेचा कणा आहे.

उस्ताद अंगणातल्या बाकावर ऊन खात बसले होते. डाव्या पायाशी म्हातारा. तो शाळेतला सगळ्यात जुना कुत्रा, कामातून निवृत्त झालेला. उस्ताद त्याच्याशिवाय पाऊल टाकत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. केवढा जीव लावलाय, असं सगळे म्हणत.

"मोजपट्टी आली वाटतं."

"तुम्हीसुद्धा, उस्ताद?"

"अगं, नाव मीच ठेवलंय. बाकीच्यांनी उचललं."

बाई समोर उभ्या राहिल्या. "चला, कुत्र्यांच्या खोल्या दाखवा मला."

उस्तादांनी जिभेनं टक् केलं. म्हातारा कण्हत उठला आणि त्यांच्या डाव्या गुडघ्याला येऊन टेकला.

"त्याला राहू दे इथेच," बाई म्हणाल्या. "ऊन चांगलं आहे. आपण दोघं जाऊ."

"त्याला सवय आहे माझी."

"दहा पावलांवर आहेत खोल्या."

उस्ताद उठले नाहीत.

"उठा, उस्ताद."

कुत्र्यांच्या खोल्यांकडून भुंकणं आलं, थांबलं. उस्तादांचे हात मांड्यांवर तसेच होते. जगात अशी एकच जागा असेल, बाईंच्या मनात आलं, जिथे कुत्र्याच्या भरवशावर चालणारा माणूस कुणाला खटकत नाही. सगळ्या जगापासून लपायला या माणसानं आंधळ्यांच्या कुत्र्यांची शाळा निवडली होती, आणि ती त्याला शोधावी लागली नव्हती.

"किती दिसतं?" त्यांनी विचारलं.

"समोरचं आहे अजून." आवाज अगदी साधा होता. "तुझं नाक दिसतंय. कान नाहीत. चार वर्षं झाली. कडेकडून मिटत आलं, नळीतून बघावं तसं."

"काठी घ्यायची होती. कुत्रा घ्यायचा होता. तुम्ही, उस्ताद! तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं?"

"तीस वर्षं लोकांना सांगितलं, लाज कसली त्यात. सांगायला काय लागतं?" त्यांनी म्हाताऱ्याच्या मानेत बोटं घातली. "काठी हातात आली असती तर दुसऱ्या दिवशी चाचण्या बंद. चाचण्या बंद म्हणजे शाळेत मी कोण? तो बाकावर बसलेला म्हातारा."

"घुम्या म्हणाला होता, हाताला लागलं म्हणून."

"हो. मी बघितलं. मला घुम्याची पाठ दिसली. पाठीच्या आजूबाजूला काही दिसलं नाही, म्हणून म्हणालो काही नाही."

"तुम्हाला दिसत नव्हतं."

"हो."

"आणि प्राध्यापक गेल्यावर?"

उस्तादांनी म्हाताऱ्याचा कान बोटांत फिरवला. "मला वाटलं, तेच चुकले. असं वाटून मला फार बरं वाटलं, पोरी. इतकं बरं की मी पुन्हा विचारच केला नाही."

"फाईल कुठे आहे?"

"कुठली फाईल?" उस्तादांनी मान वळवली, आणि बाईंना शोधायला त्यांना ती दोनदा वळवावी लागली. "कपाटात असेल. मी कागद वाचत नाही हल्ली. अक्षर पुरं मावत नाही."

फाईल गेल्याचं त्यांना माहीतच नव्हतं.

कलम २.१ (पुन्हा)

भाची खोल्यांच्या दाराशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आत गेली आणि पिल्लांच्या अंथरुणाखालून फाईल काढून घेऊन आली. एका कोपऱ्याला दातांच्या खुणा होत्या.

"जाळणार होते," ती म्हणाली. "काडीपण पेटवली होती."

"मग?"

"मामांचं अक्षर आहे हो ताई." ती भिंतीला टेकली. "मला त्यांनी वाढवलंय. इथे आले तेव्हा दुसऱ्याच दिवशी कळलं मला. चहाचा कप बाजूला ठेवला तर चाचपत होते. तेव्हापासून चाचणीला मी बरोबर जायला लागले. रेकॉर्डर मीच धरायचे. बटण बंद करून हळूच म्हणायचे, मामा, उजवीकडे खांब, वीतभर सुटला. ते तेच बोलायचे, तेच लिहायचे."

"त्यांनी तुला सांगितलं होतं, असं कर म्हणून?"

"आम्ही त्याबद्दल कधी बोललोच नाही. एक अक्षर नाही. ते समजून होते, मी समजून होते." तिनं नाक पुसलं. "आईला दवाखान्यात नेलं तेव्हा मी घुम्यादादाला म्हणाले, मी येईपर्यंत चाचण्या नका घेऊ. का, ते नाही सांगितलं. संचालकसाहेबांना तारीख पाळायची होती."

"प्राध्यापक गेल्यावर तू फाईल उघडलीस."

"उघडली. वाचली. 'समोर, समोर, समोर'. मला कळलं काय झालं ते."

"एकविसावी पण उघडली असशील."

भाचीनं मान हलवली. नाही.

"पाटी," बाई म्हणाल्या. "रोज रस्त्यावर आहे ती. प्राध्यापक गेल्याला आज तेरा दिवस."

"ते मी मनात येऊच दिलं नाही," भाची म्हणाली, आणि खाली बसली, जिथे उभी होती तिथेच, ओल्या फरशीवर.

कलम ७.२ (पुन्हा)

मंगळवारी सकाळी बाईंनी स्वतः पट्टी बांधली. घुम्यानं पाटीला तिच्या घरून आणलं होतं. त्यानं हार्नेसचा दांडा बाईंच्या डाव्या हातात दिला. मागून भाची चालणार होती, आणि या वेळी जे दिसेल ते मोठ्यानं बोलणार होती.

पट्टी बांधून बाई किती वर्षांनी चालत होत्या! पहिली दहा पावलं चाचपतच पडतात. मग दांड्यातून कुत्रीचा श्वास हाताला कळायला लागतो, आणि माणूस सैल होतो. पाटी गुणी होती. चौकात थांबली. गाडी गेली, मग निघाली. हातगाडीला वळसा. बाईंना वाटलं, ठीक आहे. ही ठीक आहे. मी तिला होय सांगू शकेन.

मग उजव्या खांद्यावर कुणी हातोडा मारावा तसा खांब बसला.

"खांब," मागून भाचीचा आवाज आला, घोगरा. "उजवीकडे. जागा सोडली नाही."

पुढे कठडा. कोपर.

"जागा सोडली नाही."

पुढे फुटपाथची कड. बाईंचा उजवा पाय हवेत गेला, गुडघा मुडपला, दांडा हातातून निसटला. त्या रस्त्यावर दोन्ही हातांवर पडल्या. पट्टी काढली. पाटी फुटपाथवर चारही पाय पक्के रोवून उभी होती, जीभ बाहेर, कामगिरी फत्ते केल्याच्या आनंदात शेपूट हलवत.

"जागा सोडली नाही," भाची तिसऱ्यांदा म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं.

घुम्यानं पुढे होऊन बाईंना उठवलं. मग तो पाटीजवळ बसला आणि तिचं डोकं आपल्या छातीशी धरलं.

कलम ८.९ : कुत्रा परत घेताना वापरकर्त्यास कारण समजावून सांगावं.

बाई पोचल्या तेव्हा पाऊण वाजला होता. पाटी तीन जिने धावतच चढली.

"नाही," दार उघडताच बाई म्हणाल्या. दुसरं कसं सांगायचं ते त्यांना जिन्यात सुचलं नव्हतं. "हिच्याबरोबर जाऊ नका. चूक त्यांची नव्हती. खडू उजवीकडे जागा सोडत नव्हता, हीसुद्धा सोडत नाही. चाचणीत ते दिसायला हवं होतं. ज्यानं बघायचं त्याला दिसत नव्हतं."

त्यांनी सगळं सांगितलं. उस्ताद, भाची, तीन आठवडे. शाळेची मान्यता आजपासून स्थगित, तेही सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. मग ब्लाऊजची उजवी बाही वर सरकवली. खांदा सोललेला होता, दंडावर काळेनिळे डाग, जुन्यावर नवे.

"हे कधीचं?"

"पहिल्या महिन्यापासून. त्यांचंही असंच होतं. आम्ही एकमेकांना तेल लावायचो." तिनं बाही खाली केली. "शाळेला फोन केला होता. म्हणाले, चाचणीत पास आहे, तुम्हीच दांडा सैल धरत असाल. मग आम्हाला वाटलं, आपणच धरत असू."

बाईंचा खांदा ठणकत होता. "मग मला विचारलंत कशाला? तुम्हाला तर माहीत होतं."

"माझा खांदा कुणी लिहून घेत नाही," ती म्हणाली. "तुमचा घेतात."

टेबलावर कागद ठेवून बाईंनी लिहिलं. ती म्हणाली, वाचा. बाईंनी वाचलं: *मृत्यूचं कारण कुत्र्याच्या चाचणीतील त्रुटी. प्राध्यापकांची चूक नाही.* ती म्हणाली, पुन्हा. बाईंनी पुन्हा वाचलं. तिनं कागद घेतला, घडी केली आणि हाताला नेमका सापडेल अशा जागी, नवऱ्याच्या कोटाच्या खिशात ठेवला. कोट अजून खुंटीवरच होता.

मग ती गुडघ्यांवर बसली. हार्नेसचं बक्कल काढायला तिला वेळ लागला नाही. पाटीनं तिचं तोंड चाटलं. तिनं चाटू दिलं.

"घेऊन जा. आता लगेच. मला बाहेर पडायचंय."

बाई पाटीला साध्या पट्ट्यानं धरून जिना उतरायला लागल्या. दुसऱ्या मजल्यावर होत्या तेव्हा वर दार उघडलं, लागलं, किल्ली तीन वेळा फिरली. मग काठी. पहिल्या पायरीची कड तिला सापडेना. काठी भिंतीला लागली, परत आली, कठड्याला लागली, परत आली. मग सापडली. एक पायरी. थांबली. दुसरी.

बाई जिन्याच्या वळणावर भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. पाटीला त्यांनी मागे ओढून घेतलं आणि तिचं तोंड धरून ठेवलं. काठी टेकत ती खाली आली, त्यांच्यापासून हातभर अंतरावरून गेली. पाटीचं तोंड धरलेलं होतं, पण शेपूट कुणी धरलं नव्हतं. ते लोखंडी कठड्यावर जोरजोरात आपटत होतं, सगळ्या जिन्यात घुमत होतं.

ती थांबली नाही. पायऱ्या मोजत खाली गेली.